मेंढा वेगळा बांधणाऱ्या आत्याबाई

घरात कुणाला ताप आला की माझ्या सासूबाई कपाळाला हात न लावता कान चाचपून बघत. सगळा जन्म मेंढरांमागे गेलेला. हर्सूलला आमच्या दोन खोल्यांत राहायला आल्यावरही त्या माणसं कळपासारखीच सांभाळत. मी त्यांना आत्याबाई म्हणायची.

कोरोनात मला दुसरी मुलगी झाली. रक्त इतकं गेलं की डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुढचं बाळंतपण जिवावर बेतेल." लगेच माझं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन व्हायचं होतं, पण तसली ऑपरेशनं तेव्हा बंद होती. "सुरू झाली की या, तोवर जपा," म्हणून त्यांनी घरी पाठवलं. आणि घरी तर वाळूजची कंपनी बंद, त्यामुळे आमचे हे दिवसभर मोकळे! मी पार धास्तावले.

आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं, मिश्रीची चूळ भरली आणि लेकाला फर्मावलं, "संतोष, घोंगडं घे. दौलताबादला मामाच्या मेंढरांमागं जा."

"कशापायी गं आई?"

"नको तवा कोकरं व्हऊ द्यायची नसली, तर मेंढा येगळा बांधावा लागतो. ऊठ."

मी लाजून ओट्याकडे पळाले. हे मात्र खरंच गेले. कंपनी सुरू झाल्यावर परतले, तर त्यांचं अंथरूण गच्चीवर टाकलेलं!

पुढं ऑपरेशनं सुरू झाली. बायकांची ही गर्दी, पुरुषांचं मात्र लगेच होत होतं. आत्याबाई ह्यांना म्हणाल्या, "तिनं दोनदा सोसलं. आता तुझी पाळी."

जिन्याशेजारच्या कडूबाईंनी हे ऐकलं. "आवं, गडीमाणूस लई अशक्त व्हतो त्यानं. पोतं उचलाया यायचं नाय. आन् पोरगा कुठं झालाय अजून?"

"नाती हायेत की दोन. त्यांची माय मेल्यावर पोरगा घिऊन काय करू?" असं ठणकावून आत्याबाई लेकाला दवाखान्यात घेऊन गेल्या. त्यांची सून म्हणवून घेताना आजही माझी मान ताठ होते.

शेवटच्या वर्षी त्यांचे गुडघे पार गेले होते. थंडीत हे त्यांना पाठुंगळी घेऊन गच्चीवर उन्हाला नेत. रोज कडूबाईंच्या दारापाशी आत्याबाई लेकाच्या खांद्यावर थाप मारून त्याला थांबवत आणि आत हाक देत, "कडूबाई, बाहेर ये गं. पोतं उचलाया येतंय का नाय, बघ!"