जमीन सुकेपर्यंत

शेजारच्या अंगणातून आज ताज्या शेणाचा वास आला. माझ्या घरात आता लाद्या आहेत.

फार वर्षांपूर्वी आमच्या काजूबागेतल्या मांगरात, राखणीच्या मातीच्या खोपटात, एक चित्रकार बाई साधं जगायला म्हणून राहिली होती. एकदा ती मधोमध चटईवर चित्र काढत बसली आणि मी तिच्या चारही बाजूंनी सारवत उंबऱ्यापर्यंत आले.

"गो बाय, सुकापर्यंत थंयच बस. पाय ठेवलंस तर तुकाच सारवूक लावतलंय."

"मग वहिनी, तुम्हीही उंबऱ्यावर बसा. हलू नका."

शेणाच्या हातांनी तशीच बसले. ती माझ्याकडे बघायची आणि वहीत रेघ ओढायची. पावसाआधी ती निघून गेली. चित्र तिच्याबरोबर गेलं, त्याचं काही नाही. पण इतका वेळ माझ्याकडे आधी कोणी बघितलं नव्हतं, नंतरही नाही.