अमेरिकेचं दूध आणि दत्तूचं ताट

दत्तू गेल्याचा फोन त्याच्या बायकोनं, सुशीलावहिनींनी गावाहून केला, तेव्हा मी इकडं आखातात, अल मन्सूराच्या मेट्रो स्टेशनबाहेर उभा होतो. रस्त्यावर माणसं फुटबॉलच्या वर्ल्ड कपचे झेंडे लावत होती. "भाऊजी, हे सुट्टीला आले आणि इथंच राहिले..." एवढंच त्या म्हणाल्या. मला आधी कळेना. कळलं तेव्हा तसाच फुटपाथवर बसलो. आता महिना होत आला.

दत्तू माणदेशातला. मन्सूरातल्या एका हॉटेलात स्वयंपाकी, आणि सुट्टीच्या शुक्रवारी खोलीवर आम्हा मराठी कामगारांना भाकऱ्या करून घालायचा. भिंतीवर खंडोबाच्या शेजारी अमेरिकेच्या एका अध्यक्षाचा फोटो. तोच तो तरुण, हसरा, उघड्या मोटारीत गोळ्या घालून मारला तो. नाव मी घेणार नाही, दत्तूपुढंही कधी घेतलं नाही. 'तुझा अमेरिकावाला' म्हणायचो. दत्तूच्या लहानपणी शाळेत अमेरिकेची दूध पावडर यायची. घरी चूल पेटायची मारामार, पोरगं शाळेत जायचं ते त्या दुधासाठी. हे त्या साहेबानं पाठवलंय, असं गुरुजींनी सांगितलं, आणि तेवढ्यावर दत्तूनं त्याला घरातला माणूस करून टाकला. लढाईत बोट फुटली तेव्हा त्यानं जखमी सोबत्याला पट्टा दातात धरून पोहत कसं नेलं, मोडक्या पाठीनं निवडणूक कशी जिंकली, चंद्रावर माणूस धाडतो म्हणाला आणि बघायला कसा उरला नाही... पीठ मळता मळता सगळं सांगायचा. चुलत भावाचं सांगावं तसं.

मला ते पटायचं नाही. "तिकडं जास्त झालं ते आपल्याकडं ढकललं," मी म्हणायचो. "त्याच्या मागून आलेली लाल ज्वारी आठव. मिलो! जनावरं तोंड लावत नव्हती."

"आरं पर तू खाल्लीस न्हवं?"

"खाल्ली. म्हणून काय फोटो लावू?"

"नगं लावू. जित्ता हायस, लई झालं."

"आणि व्हिएतनामात फौजेची माणसं कोणी धाडली?"

यावर दत्तू पिठात पाण्याचा हबका मारायचा. "त्ये वाईटच... पर दूदबी खरंच हाय."

पुढं स्टेडियमची कामं जोरात असतानाच आमची बांधकामाची कंपनी बंद पडली. मी शटरिंगचा फोरमन, पण त्या वयात दुसरं काम लवकर मिळेना. शुक्रवारी दत्तूकडं जाणं मी बंद केलं. हात हलवत जायचं आणि जेवून यायचं, हे माझ्याच्यानं होत नाही. आजही होणार नाही. तर दत्तू फरीज बिन ओमरान भागातल्या माझ्या खोलीवर हजर. मी म्हणालो, "जेवलोय." त्यानं माझ्या पातेल्याचं झाकण उचललं, आत बघितलं, परत ठेवलं.

"चल."

"मला कोणाचे उपकार नकोत."

"उपकार कोन करतंय? अमेरिकावाल्याचं खाऊन जलमभर त्याला शिव्या घालतुयास, तसं माझं खा आन् मला घाल. यल्ला, ऊठ!"

उठलो. काम मिळेपर्यंत रोज त्याच्याकडं जेवलो आणि रोज खोट काढली. भाकरी करपली, कालवण पांचट, ठेचा तिखट नाही. तो खूश! जेवायला कोणीही घालतं, दत्तूनं मला ताठ मानेनं जेवू घातलं.

मोठ्या माणसाच्या मागं काय उरतं ते शिकलेल्यांनी लिहावं. मी एवढंच बघितलं, की माणदेशातल्या शाळेतलं वाटीभर दूध मन्सूरापर्यंत आलं आणि मला पुरलं. फोटोतल्या माणसाशी माझं भांडण आहे ते आहेच.

दत्तूची खोली आम्ही बाकीच्यांनी चालू ठेवलीय. शुक्रवारी स्वयंपाक मी करतो. स्टेडियमं बांधून झाली, तसं आता एकेकाचं काम सुटतंय. मागच्या शुक्रवारी बीडकडचा एक वेल्डर दारापर्यंत आला, "काका, जेवून आलोय," म्हणाला आणि वळला. त्याचं काम सुटलंय हे मला ठाऊक होतं.

"जेवला असशील तर नुसतं चाखून सांग," मी ओरडलो. "मला येत नाही नीट!"

बसला. खाली मान घालून खात राहिला, आमटी दोनदा मागून घेतली. हात धुताना म्हणाला, "काका, रागावू नका, आमटी खारट हाय. आन् ह्याला भाकरी म्हणायचं व्हय?"

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू...

"उद्या ये," म्हटलं. "सुधारतो."