गल्लीला सांगून ठेवलेली गोष्ट

गारखेड्याच्या सिस्टर एमआरआयच्या खोलीबाहेर बाकावर बसल्या, की आधी शेजारच्या माणसाची नाडी धरायच्या. विचारायच्या नाहीत. बोलता बोलता मनगट हातात घ्यायच्या आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहायच्या. मग म्हणायच्या, "लई धडधडायलंय की. घाबरू नका. त्या मशीनचा नुसता आवाज मोठा, हात काय लावत नाय ती." भीतीनं घरी परत निघालेली कितीतरी म्हातारी माणसं या एका वाक्यावर पुन्हा बाकावर टेकली.

सिस्टर स्वतः तिथं आजारी म्हणून येत नव्हत्या. उतारवयातला विसरभोळेपणा आणि खऱ्या आजाराची सुरुवात यांतला फरक मेंदूच्या चित्रांवरून लवकर ओळखता येतो का, याचा एक अभ्यास आमच्या रुग्णालयात चालू होता. माणसांना समजावून सांगणं, त्यांना मशीनवर झोपवणं आणि बाहेर काचेमागून माइकवर त्यांच्याशी बोलत राहणं हे माझं काम. दरवर्षी तीच माणसं यायला हवी असत, आणि धडधाकट माणूस अशा ठिकाणी फिरकत नाही. सिस्टर मात्र आपणहून आल्या. सगळी नोकरी देवगाव रंगारीच्या बाजूला सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून केलेली, निवृत्तीनंतर इथं शहरात, गारखेड्यात मुलाकडे राहायला आलेल्या. अख्खी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणायची, मग आम्हीही म्हणू लागलो.

"सिस्टर, तुम्हाला तर काही त्रास नाही. मग का आलात?" मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "माझ्या आईला विसरायला व्हायचं. चुलीवर तवा तापत ठेवून शेताकडं निघून जायची. लोक म्हणले, बाहेरचं काहीतरी लागलंय. कुणी म्हणलं, सोंग करायलीय. शेवटी शेवटी खोलीला कडी लावून ठेवायचे तिला. मी शिकलेली नर्स, पण मलाबी कळलं नाय तिला काय झालंय ते. तिच्या डोक्यात कुणी डोकावून बघितलंच नाय. म्हणलं, आता माझ्या डोक्यात बघा. कुणाच्या तरी आईच्या कामाला येईल."

मशीनमध्ये त्या इतक्या स्थिर पडून राहायच्या, की मी मधूनच माइकवर हाक मारून बघायची. आत छोट्या आरशात एकामागून एक चित्रं दिसत. आधी पाहिलेलं चित्र पुन्हा आलं, की हातातलं बटण दाबायचं. पहिल्या वर्षी बाहेर येताच त्या म्हणाल्या, "ती गाय कुठली हो तुमची? वशिंडच नाय तिला. दूध पातळ असणार." अभ्यास चालवणारे आमचे डॉक्टर पोट धरून हसले. दुसऱ्या वर्षीही बाहेर आल्या आल्या त्यांनी त्या बिनवशिंडाच्या गाईची चौकशी केली.

तिसऱ्या वर्षी त्या गाईबद्दल काहीच बोलल्या नाहीत. मी वाट पाहिली आणि शेवटी मीच विचारलं, "सिस्टर, आज आमच्या गाईला नावं नाही ठेवलीत?"

"गाय?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "गाय कुठं होती?"

चाचण्यांत आणि चित्रांत तेच दिसलं. कानांच्या आतल्या बाजूला, खोलवर, मेंदूचा एक लहानसा भाग असतो. नव्या गोष्टी ध्यानात ठेवण्याचं बरंचसं काम त्याचं. सिस्टरांचा तो भाग आधीच्या चित्रांपेक्षा आक्रसला होता. नुसत्या चित्रावरून निष्कर्ष काढायचा नाही म्हणून डॉक्टरांनी आणखी तपासण्या केल्या. उत्तर बदललं नाही.

त्यांचा मुलगा प्रशांत कॉलेजात शिकवतो. इतक्या तपासण्या पाहून त्याला अंदाज आला होता, त्यानं आधी एकट्यानं डॉक्टरांच्या खोलीत येऊन आम्हाला हात जोडले. "सर, आईला सांगू नका. खचून जाईल ती."

दारातून आवाज आला, "प्रशांत, माझं डोकं हाय ना ते?" सिस्टर आत आल्या आणि डॉक्टरांसमोर न बसता खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसल्या. "सर, नोकरीत मी लोकांना सगळं तोंडावर सांगितलं. पोटातलं मूल गेलं, हेबी सांगितलं. मला मागनं कळायला नको. आत्ता सांगा."

डॉक्टरांनी पडद्यावर दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावून सांगितलं. सिस्टरांनी पुढे वाकून दोन्ही चित्रं नीट बघितली. डोळे भरून आले, ते त्यांनी लपवले नाहीत. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, "अजून मला समजतंय, तोवर काय काय करून घेऊ?"

त्यांनी काय केलं ते मला पुढे प्रशांतकडून कळलं. दुसऱ्या दिवशी त्या इस्तरी केलेली पांढरी साडी नेसल्या आणि गल्लीत घरोघर गेल्या. किराणावाल्याकडे, भाजीच्या गाडीवर, कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्यांकडे. सगळीकडे एकच सांगणं: "मला विसरायचा आजार झालाय. डॉक्टरनी मशीनमधी बघून सांगितलंय. रस्त्यात भांबावल्यासारखी दिसले, तर रागावू नका, हसू नका. हाताला धरून घरी आणून सोडा." प्रशांतला आधी लाज वाटली. पण आठवडाभरातच त्या गल्लीतली तीन-चार माणसं आपल्या वडिलांना, सासूला घेऊन आमच्याकडे आली. "सिस्टर म्हणल्या, दाखवून घ्या," एवढंच प्रत्येकानं सांगितलं.

मी हे काम शिकले ते पुस्तकातून, असं मला वाटायचं. पण माणसाला वाईट बातमी द्यायची कशी, हे सिस्टरांनी डॉक्टरांशेजारी खुर्ची ओढली त्या दुपारी शिकले. तेव्हापासून मी टेबलापलीकडे बसून कुणालाही काही सांगितलेलं नाही. गेल्या वर्षी माझ्याच वडिलांना सांगायची वेळ आली, तेव्हाही खुर्ची त्यांच्या शेजारी घेतली.

काही वर्षांनी सिस्टर गेल्या त्या न्युमोनियानं, घरी, मुलाच्या हातून पाणी पिऊन. त्यांना श्रद्धांजली वाहायच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेले, तर मांडव अपुरा पडला होता. बुद्धवंदना झाल्यावर प्रशांत उभा राहिला. त्याला बोलायचं होतं बरंच, पण थोडंच बोलता आलं.

"शेवटच्या वर्षांत आई पुन्हापुन्हा घराबाहेर निघून जायची. एकदा पार औरंगपुऱ्याच्या बाजारात पोचली होती. पण दरवेळी तुमच्यापैकी कुणीतरी तिला घरी आणलं. माझ्या आजीला लावायचे तशी आईच्या खोलीला कडी लावायची पाळी माझ्यावर कधी आली नाही." मग माझ्याकडे आणि डॉक्टरांकडे बघून म्हणाला, "सांगू नका म्हणलो होतो मी. बरं झालं, आईनं माझं ऐकलं नाय."