कुटलेला हत्ती

आमचं उन्हाळी शिबिर मे महिन्यात संपतं, पण माती घरातून निघायला पोळा उजाडतो. कधी पोळपाटामागे वाळलेलं बोट सापडतं (मातीचं, घाबरू नका), तर कधी उशीच्या अभ्र्यात एखादा डोळा. किश्श्यांचंही तसंच होतं. मी काही मुद्दाम जमवत नाही. लग्नाकार्यात कुणीतरी विचारतं, "टीचर, कॅम्प कसा झाला यंदा?" मी एक सांगायला जाते आणि त्याला चिकटून चार बाहेर येतात. पंगत उठते, वाढपी झाडू घेऊन येतात, तरी माझं चालूच!

आधी माणसं सांगते. मी आदिलाबादच्या एका शाळेत ड्रॉइंग शिकवते. उन्हाळ्यात आमच्या मागच्या अंगणात, कडुनिंबाखाली, वीस-पंचवीस पोरांचं मातीकामाचं आणि मिक्स्ड मीडियाचं शिबिर भरतं. मिक्स्ड मीडिया म्हणजे घरातलं जे जे फेकायचं ते ते चिकटवायचं, असं मी पालकांना समजावते तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. चाकावर राजन्ना बसतो. पिढीजात कुंभार, घरची भाषा तेलुगू, मराठी बोलतो ती स्वतःच्या कायद्यानं. मुलं त्याला ताता म्हणतात, म्हणजे आजोबा, आणि तो मुलांना बिड्डा, म्हणजे बाळ. आणि आम्हा दोघांवर हुकूम चालवायला जैनथच्या शेवंताबाई आहेत. पाणी, सतरंज्या, पोरांची नाकं, सगळं त्यांच्या ताब्यात.

*

पहिल्या आणि शेवटच्या दिवशी पालकच जास्त शिकवून जातात. एक आई मुलीला पांढऱ्याशुभ्र, इस्त्रीच्या फ्रॉकमध्ये घेऊन आली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली की हात न भरता मातीकाम शिकवता येईल का. दुसरे एक गृहस्थ. त्यांना निरोपाच्या दिवशी एकच चिंता, फर्स्ट कोण आला? मी सांगितलं, इथं नंबर नसतात, प्रत्येकाची वस्तू वेगळी. ते म्हणाले, "बरं, आमचा सेकंड तरी आहे ना?"

मी हो म्हटलं. काय करणार!

*

आता हत्ती. हा गेल्या उन्हाळ्यातला, पण याच्याशिवाय यंदाचं काही सांगता येत नाही.

अवनी तेव्हा सात वर्षांची. बाकीची पोरं रोज दिवे, पेले, कासवं करत होती. हिनं सगळं शिबिर एकाच हत्तीवर घातलं. राजन्नानं तिला सांगितलं, पोट पोकळ ठेव, आतल्या हवेला बाहेर यायला भोक ठेव, नाहीतर आव्यात फुटेल. आवा म्हणजे आमची भट्टी. खाली शेण्या, वर भांडी, त्यावर कापसाच्या पऱ्हाट्या आणि भुसा. अवनीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पोट रिकामं ठेवलं तर तो उपाशी राहील."

राजन्नानं पुन्हा समजावलं. तो जितका समजवी, तितका ती हत्तीला आणखी एक घास भरवी. शेवटी त्याचं पोट आमच्या बँकेच्या मॅनेजरसारखं झालं आणि राजन्नानंही हसून हात टेकले.

शेवटच्या संध्याकाळी आवा पेटला. सकाळी सगळी पोरं, आयाबाप, गोल करून उभे. राजन्ना राख बाजूला करत एकेक वस्तू काढत होता. हत्तीची सोंड निघाली आणि दोन पाय. बाकी खापरं.

राजन्नाच्या घराण्याची एक रीत आहे. आव्यात फुटलेलं फेकायचं नाही. तिथंच उखळात कुटायचं आणि ती भुकटी पुढच्या वर्षीच्या मातीत मिसळायची. माती त्यानं घट्ट होते, आच सोसते. हे त्यानं जन्मभर केलेलं, हाताला सवय. त्यानं खापरं गोळा केली, उखळात टाकली आणि मुसळाचे दोन घाव घातले. घाव पडला आणि अवनीनं जी किंकाळी फोडली, तिनं गल्लीतल्या बायका गच्चीवर आल्या.

"तातानं माझा हत्ती कुटला!"

राजन्नाचा हात वरच राहिला. मुलीला तिच्या आईनं उचलून नेलं. मग वर्षभर अबोला. बाजारात राजन्नाचं माठांचं दुकान दिसलं की ती आईची बाजू बदलून चालायची. राजन्नानं ते फार मनाला लावून घेतलं. संक्रांतीपासून भेटेल तिथं मला एकच प्रश्न, ती पोरगी येणार का यंदा? मी म्हणायची, येईल हो. एप्रिलमध्ये त्यानं सरळ सांगून टाकलं, "ती नाय आली तर मी बी नाय येत. तुमी दुसरा कोणी बघा."

आदिलाबादेत चाकावर बसणारा दुसरा कोण मिळणार होता मला? माझं सगळं शिबिर एका आठ वर्षांच्या पोरीच्या रुसव्यावर टांगलेलं!

*

ती आली. आईनं दारातच कानात सांगितलं की हिला हत्ती करायचा आहे, पण ताताशी बोलायचं नाही, तशी अट आहे. अवनी आली ती चाकाकडे पाठ करून बसली. राजन्ना तिच्या वेणीकडे बघत चाक फिरवू लागला. पहिल्या दिवशी त्याचे दोन माठ वाकडे झाले.

वाकड्यावरून आठवलं. राजन्नाला वाकडी वस्तू बघवत नाही, हा त्याचा जुना आजार. पोरांनी हातानं पेले केले होते. कुणाचा पोटात बसलेला, कुणाचा मान टाकलेला. दुपारी पोरं जेवायला गेली, मी जरा आडवी झाले, आणि राजन्नाला राहवेना. "वंकर टिंकर", म्हणजे वाकडंतिकडं, असं पुटपुटत त्यानं सगळेच्या सगळे पेले चाकावर चढवून सरळ करून ठेवले. त्याच्या मनात चांगलंच होतं. चार वाजता पोरं आली तर फळीवर एकसारखे पेले रांगेत उभे, दुकानात मांडल्यासारखे.

कुणालाच आपला ओळखू येईना! रडारड सुरू झाली. राजन्ना प्रत्येकाच्या हातात एकेक छान पेला देत होता आणि प्रत्येक जण तो परत करत होता. एक बारकी पोरगी त्याला समजावून सांगत होती, "हा माझा नाही ताता. माझ्यात पाणी राहत नव्हतं."

त्या संध्याकाळी राजन्नानं मान खाली घालून वीस पेले पुन्हा वाकडे केले. पोरं शेजारी उभी राहून सांगत होती, अजून थोडा, अजून थोडा.

*

सोहम हे एक स्वतंत्र प्रकरण आहे. वय नऊ, एका जागी बसल्याचा पुरावा नाही.

आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे. ओली भांडी उघडी ठेवली तर तासाभरात तडे जातात. म्हणून शेवंताबाई दुपारी त्यांच्यावर भिजवलेली पोती घालतात. एके दिवशी घरी जाताना पोरं मोजली तर सोहम नाही. गच्ची पाहिली, न्हाणी पाहिली, विहिरीवरची जाळी पाहिली. शेवटी शेवंताबाईंना एक पोतं घोरताना दिसलं. उचललं तर खाली दोन रांजण, एक कासव आणि मधोमध सोहम.

शेवंताबाईंनी कान धरून उठवला आणि विचारलं, "काऊन रे, इथं काऊन झोपून राह्यला?"

तो डोळे चोळत म्हणाला, "मले बी तडे जाऊन राह्यले होते."

*

मिक्स्ड मीडियासाठी मी सांगितलं होतं, घरात नको असलेलं आणा. पोरांनी तुरीच्या शेंगा, बटणं, पऱ्हाटीची सुकी बोंडं, जुन्या वायरी आणल्या. सोहमनं जाडजूड, सोनेरी कडांचे, देखणे कागद आणले. घरी गठ्ठाच पडून आहे म्हणाला. आम्ही खूश. त्याचे मोर कापले, गणपती कापले, कापूस चिकटवून ढग केले.

संध्याकाळी सोहमचे वडील धापा टाकत आले. त्यांच्या बहिणीचं लग्न आठवड्यावर आलेलं, आणि मुधोळकडच्या पाहुण्यांच्या सगळ्या पत्रिका गायब! मी फळीकडे बघितलं. मोराच्या पोटावर वधूचं नाव स्पष्ट वाचता येत होतं.

नव्या छापायला वेळ नव्हता. शेवटी वडील ज्या ज्या चित्रावर तारीख आणि स्थळ शाबूत होतं ती सगळी घेऊन तशीच मुधोळला वाटून आले. मला वाटलं, झाली आता या घराची नाचक्की. लग्नात मी मान खाली घालूनच गेले. तिथं नवरीची थोरली आत्या, जैनथची, भावाशी भांडत होती. "मुधोळवाल्याईले मोर, आन् मले काऊन साधी पत्रिका?"

*

आणि इकडे अवनीची पाठ तशीच.

एके सकाळी एका मुलानं तक्रार केली की मातीत लाल लाल खडे आहेत, हाताला टोचतात. राजन्नानं चाक थांबवलं. अवनीच्या वेणीकडे बघितलं आणि कुणालाच उद्देशून नाही असं, पण मोठ्यानं म्हणाला, "खडे नाय ते, बिड्डा. हत्ती आहे."

वेणी हलली नाही. पण तिनं आपला गोळा फोडला, उन्हात धरला आणि कितीतरी वेळ त्यात बोट फिरवत राहिली. राजन्ना उगाच पाणी प्यायला उठून गेला.

त्या दिवसापासून आम्हाला इन्स्पेक्टर लागला. अवनी प्रत्येकाच्या मागे उभी राहायची. तुझ्या पेल्यात माझा हत्ती आहे, नीट कर. तुझ्या कासवात पण आहे, पाय जाड कर. शेवंताबाईंनी चुलीला मातीचा हात फिरवला तिथंही ही हजर. राजन्नाच्या माठाजवळ मात्र ती जायची नाही. लांबून बघायची.

तिचा स्वतःचा हत्ती यंदा पोकळ होता. राजन्नाचं न ऐकल्यासारखं करून तिनं सगळं ऐकलं होतं. भोक मात्र तिनं तोंडाला पाडलं, थेट पोटापर्यंत. कारण विचारलं तर म्हणाली, आता तो हवं तेव्हा जेवेल.

सोहम बस करत होता, आदिलाबाद-मुधोळ. आत ड्रायव्हर, कंडक्टर, एक कोंबडी. छत चढवून त्यानं सगळ्या खिडक्या लिंपून टाकल्या. राजन्नानं सांगितलं, हवेला वाट ठेव. सोहम म्हणाला, ही एसी बस आहे, हिच्या खिडक्या उघडत नसतात. वर अवनीला चिडवूनही घेतलं की तुझा हत्ती पुन्हा फुटणार.

आवा उघडायच्या सकाळी राजन्ना अंघोळ करून, कपाळाला कुंकू लावून आला होता. त्यानं राख बाजूला सारली. दिवे निघाले, वीस वाकडे पेले निघाले. मग हत्ती निघाला. सोंड, चार पाय, पोट, सगळं जागेवर. राजन्नानं तो पंच्यानं पुसून अवनीपुढे धरला. तिनं त्याच्याकडे न बघता तो घेतला.

मग बस निघाली, म्हणजे चाकं निघाली. बाकी खापरं.

सोहमला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. तो आवाज न करता रडत होता, नाक वाहत होतं, आणि कुणाला चिडवावं हे त्याला समजत नव्हतं. खापरं तशीच राखेत पडलेली. राजन्ना यंदा हात लावेना. हात मागे बांधून माझ्याकडे बघत उभा राहिला. त्याची रीत त्याला मोडवत नव्हती आणि पाळवतही नव्हती.

अवनीनं हत्ती शेवंताबाईंच्या ओटीत ठेवला. खाली बसून बसचे तुकडे एकेक करून फ्रॉकमध्ये वेचले, कंडक्टरचं डोकंसुद्धा, आणि नेऊन उखळात घातले. मग वर्षभरानंतर पहिल्यांदा राजन्नाच्या तोंडाकडे बघितलं.

"ताता, मुसळ दे."

त्यानं दिलं. तिला ते उचलवेना, म्हणून ओढत ओढत सोहमपर्यंत नेलं आणि त्याच्या हातात दिलं.

"तूच कूट," ती म्हणाली. "दुसऱ्यानं कुटलं तर लय लागते."