माझी सेवा केल्याबद्दल

माझ्या बायकोचा देवळी गावात सत्कार झाला, तो माझी सेवा केल्याबद्दल. बायको हा शब्द आम्ही घरातल्या घरात वापरतो. पत्रिकेवर तिला ‘निःस्वार्थ सेवाव्रती मैत्रीण’ केलं होतं. मीही बाईच. शिवाय माझे दोन्ही पाय पोलिओनं नेलेले, त्यामुळे आमच्यावर संशय घ्यायचे कष्ट कुणी घेतलेच नाहीत. पांगळ्या बाईलाही कुणी आवडत असेल, हे लोकांच्या डोक्यातच येत नाही.

सेवा कोण कुणाची करतं, ते पिपरी मेघेतल्या आमच्या शेजाऱ्यांना विचारा. जास्तीची चाकं लावलेली स्कूटर मी चालवते, ही मागे बसून रस्ता चुकवते. स्वयंपाक माझा, कारण नालवाडीच्या भाजी पिकवणाऱ्या घरात जन्मूनही हिला साधं वांगं भाजता येत नाही.

रविवारी आमच्या हॉलमध्ये आमच्यासारखी माणसं जमतात. कुणी कुबड्यांवर, कुणाला ऐकू येत नाही, आणि पुरुषाचा पुरुषावर, बाईचा बाईवर जीव जडलेला. अपंगत्वाचं प्रमाणपत्र कसं काढायचं इथपासून घरी कसं सांगायचं इथपर्यंत सल्ले मी वाटते. स्वतःच्या आईपुढे मात्र आमच्या सात वर्षांच्या संसारात चकार शब्द काढला नव्हता. मोठी आली सल्लागार!

सत्काराला आई पहिल्या रांगेत होती, ठेवणीतली पांढरी साडी नेसून. मी व्हीलचेअरसकट स्टेजच्या खाली, कारण वर जायला रॅम्प नव्हता. दिव्यांगांच्या मेळाव्यात! पाहुणे ‘त्यागमूर्ती, त्यागमूर्ती’ करत होते आणि माझं डोकं फिरत होतं. तेवढ्यात हिचे कान लाल झालेले दिसले. कान लाल झाले की ही खरं बोलते.

हिनं माईक ओढला. “मी कोनाची सेवा-बिवा करत नाई जी. मले ही आवडते, म्हणून हिच्यासंगं राह्यते. नवरा-बायको राह्यतेत तशी. शाल तुमची तुमाले.”

सूत्रसंचालकानं घाईघाईनं चहा जाहीर केला.

मांडवाबाहेर आई आमच्यासमोर येऊन उभी राहिली. आईला गमावलं असंच मला वाटत होतं.

“खरं बोलली काय हे?”

“हो, आई.”

“सात वर्षं?”

“हो.”

आई भडकली. दर भेटीत ती हिला हात जोडायची, तेच तिला डाचत होतं. “मंग मी हिले हात काऊन जोडत होती? माह्या पोरीचं वझं परक्याच्या पोरीवर टाकलं म्हणून मले झोप नाई लागे!”

मला रडू फुटलं. मी ओझं नव्हते, हे आईला त्या दिवशी कळलं.

आई हिच्याकडे वळली. “उभी काऊन राह्यली? पाया पड.”

आणि कधी कुणाचं न ऐकणारी माझी बायको मुकाट्यानं वाकली.