बालवाडी हलणार आहे

शाळा सुटून बराच वेळ झाला होता. बालवाडीतली बाकीची मुलं घरी गेली, फक्त साडेतीन वर्षांची गौरी माझ्या खांद्यावर झोपली होती. तिची आई बांधकामावर जाते, त्यामुळे तिला यायला रोजच उशीर होतो.

नगरपालिकेच्या या शाळेत माझा वर्ग कधी व्हरांड्यात गेला, कधी जिन्याखालच्या खोलीत. हलवताना आम्हाला कुणी विचारलं नाही, आणि हळूहळू मीही बोलणं सोडून दिलं. आता जूनपासून बालवाडी हायवेपलीकडच्या मोठ्या शाळेत जाणार, असं सकाळी शिक्षण विभागाचे साहेब सांगून गेले. पालकांना सांगायचं काम मात्र माझ्याकडे आलं.

गौरीची आई धापा टाकतच आली. मी तिला सांगितलं.

"बाई, पोरांना न्यायला गाडी येईल का?"

"नाही गं. तसं काही म्हणाले नाहीत."

तिने कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाली, "मग नेईन परत कामावरच. बसेल वाळूत खेळत."

तिच्या आवाजात राग नव्हता. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. रागावणाऱ्या माणसाला अजून कुणाकडून तरी काहीतरी हवं असतं.

गौरीला तिच्याकडे द्यायला गेले, तर माझा पदर पोरीच्या मुठीत घट्ट. आई तिची बोटं सोडवू लागली.

"राहू दे. बस जरा," मी म्हटलं.

आम्ही दोघी पायरीवर टेकलो. घरी जायची घाई दोघींनाही होती, पण उठायचं बळ एकीतही नव्हतं.