लेकीचा फोन

२०२३ साल होतं, मी एकाहत्तर वर्षांचा. पैठणच्या एसटीत मी ठासून सांगत होतो, "देशासाठी सरकारनं सगळ्यांचे फोन ऐकावेत. चोरी नाय त्याला भ्या कशाचं?" शेजारची अनोळखी बाई मांडीवर मेथी निवडत ऐकत होती.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. मला कमी ऐकू येतं, म्हणून सवयीनं स्पीकर लावला.

"अण्णा, मला सासरी नाय राहायचं," ती रडायला लागली.

सगळी एसटी कान देऊन बसली. बाईनं मेथी सोडली आणि मातीनं माखलेला तळहात माझ्या फोनवर दाबून धरला.

"बाबा, हिनं कोणती चोरी केली?" ती हळूच म्हणाली.

मी फोन बंद केला. चोरांचे फोन ऐकावेत, हे मी आजही म्हणतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी फोन घरीच ठेवला आणि पहिल्या एसटीनं लेकीकडं गेलो.